विकासकांचे अंशदान आणि पहिल्या घराची खरेदी : इंग्लंडमधील योजनांचा परिचय

स्वतःच्या मिळकतीतून प्रथमच घर विकत घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाची अडचण बहुतेक मोठ्या शहरांत सारखीच आढळते. घरांच्या किमती वेतनापेक्षा अधिक वेगाने वाढतात. कर्जाचा हप्ता एक वेळ पेलता येतो. परंतु आरंभी पदरची भरावयाची रक्कम साठेपर्यंत किंमत आणखी पुढे गेलेली असते. अशा कुटुंबांना शासनाने अनुदान द्यावे, हा एक मार्ग होय. परंतु शासकीय तिजोरीतून दिलेले अनुदान बहुधा एकाच कुटुंबापुरते उपयोगी पडते आणि त्याची तरतूद दरवर्षी नव्याने करावी लागते. दुसरा मार्ग असा की, ज्या जमिनीवर घरे बांधण्याची परवानगी मिळाल्यामुळे तिचे मूल्य अनेक पटींनी वाढते, त्या वाढीव मूल्याचाच काही भाग परवडणाऱ्या घरांच्या रूपाने समाजाकडे वळवावा. ह्या दुसऱ्या मार्गाला विकासकांचे अंशदान असे म्हणता येईल.

ह्या पद्धतीचा सर्वांत दीर्घ आणि लेखी नोंदींनी समृद्ध असा अनुभव इंग्लंडमध्ये उपलब्ध आहे. तेथे तिचा वापर प्रथम भाड्याच्या घरांसाठी, नंतर अंशतः मालकीच्या घरांसाठी आणि २०२१ पासून विशेषेकरून प्रथम खरेदीदारांसाठी करण्यात आला. त्यात यशाबरोबरच अपयशाचेही प्रसंग आले. आपल्याकडेही अशा तरतुदी अनेक राज्यांत कमीअधिक प्रमाणात असल्यामुळे ह्या अनुभवाचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

वाढीव मूल्याचा प्रश्न

शेतीखालील जमिनीला घरबांधणीची परवानगी मिळाली की तिची किंमत एका रात्रीत वाढते. ही वाढ जमीनमालकाच्या श्रमामुळे होत नाही. ती शहराची वाढ, सार्वजनिक खर्चाने झालेले रस्ते, पाणीपुरवठा, शाळा आणि स्वतः शासनाने दिलेली परवानगी ह्यांमुळे होते. साहजिकच ह्या वाढीवर समाजाचा काही हक्क असावा, असा विचार इंग्लंडमध्ये फार पूर्वीपासून मांडला गेला.

१९४७ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमाने तेथे जमिनीच्या विकासाचा हक्क शासनाच्या परवानगीवर अवलंबून ठेवण्यात आला आणि विकासामुळे होणाऱ्या मूल्यवाढीवर शंभर टक्के आकार बसविण्यात आला. परिणाम असा झाला की, काहीच लाभ उरत नसल्यामुळे जमीनमालक जमीन विकण्यास पुढे येईनात. १९५३ मध्ये हा आकार रद्द करण्यात आला. १९६७ मध्ये भूमी आयोग स्थापून चाळीस टक्के मूल्यवृद्धी आकार बसविण्यात आला. सरकार बदलताच तोही गेला आणि आयोग १९७१ मध्ये बंद झाला. १९७६ मध्ये विकास-भूमी कर आला व १९८५ मध्ये तो रद्द झाला. ह्या तीनही प्रयत्नांत एक गोष्ट समान दिसते : एका सरकारने कर बसवावा, दुसऱ्याने तो उठवावा आणि दरम्यान जमीनमालकांनी वाट पाहत स्वस्थ बसावे. राष्ट्रव्यापी कराचा मार्ग अशा प्रकारे वारंवार खुंटल्यावर स्थानिक पातळीवरील कराराचा मार्ग हळूहळू पुढे आला.

कलम १०६ चा करार

नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९९० ह्यामधील कलम १०६ हा ह्या व्यवस्थेचा पाया होय. बांधकामाची परवानगी देताना स्थानिक प्राधिकरण विकासकाबरोबर करार करते. ह्या करारान्वये रस्ता, शाळा, उद्यान ह्यांसाठी रक्कम देणे किंवा एकूण घरांपैकी ठराविक घरे परवडणाऱ्या दरात उपलब्ध करून देणे विकासकावर बंधनकारक होते. हा करार व्यक्तीपेक्षा जमिनीशी जखडलेला असतो. जमीन पुढे दुसऱ्याला विकली गेली, तरी नव्या मालकावर तेच बंधन राहते. परवडणारी घरे ही नियोजनाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी बाब आहे, असे शासकीय परिपत्रकाद्वारे १९९१ मध्ये स्पष्ट करण्यात आले आणि तेव्हापासून ह्या कराराचा गृहनिर्माणासाठी उपयोग वाढत गेला.

प्राधिकरणाने विकासकाकडून मनास येईल ते मागावे, अशी मुभा मात्र नाही. २०१० च्या विनियमांनुसार प्रत्येक अटीला तीन कसोट्या लावण्यात येतात. ती अट नियोजनदृष्ट्या विकास स्वीकारार्ह ठरण्यासाठी आवश्यक असली पाहिजे. तिचा त्या विकासाशी प्रत्यक्ष संबंध असला पाहिजे. आणि विकासाच्या आकारमानाशी व स्वरूपाशी ती न्याय्य प्रमाणात असली पाहिजे. त्याचप्रमाणे लहान प्रकल्पांवर भार पडू नये म्हणून दहापेक्षा कमी घरांच्या लहान प्रकल्पांकडून सर्वसाधारणपणे परवडणाऱ्या घरांची मागणी केली जात नाही. काही निश्चित ग्रामीण क्षेत्रांत ही मर्यादा याहून खाली ठेवता येते.

प्रत्यक्षात व्यवहार असा चालतो : विकासक सर्व घरे स्वतः बांधतो. त्यांपैकी भाड्याची घरे तो नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेस बाजारभावापेक्षा कमी किमतीत हस्तांतरित करतो. खुल्या बाजारातील घरांपैकी ठराविक घरांचा ताबा देण्यापूर्वी परवडणारी घरे पूर्ण झाली पाहिजेत, अशी अट करारात घालण्याची प्रथा आहे. असे न केल्यास नफ्याची घरे आधी विकली जातात आणि उरलेली घरे रेंगाळतात, हे अनुभवाने दिसून आले आहे.

ह्या व्यवस्थेचे आकारमान ध्यानात यावे म्हणून एक आकडा पुरेसा आहे. शासनाने करविलेल्या पाहणीनुसार २०१८-१९ ह्या वर्षी इंग्लंडमध्ये विकासकांकडून सुमारे ७ अब्ज पौंड मूल्याचे अंशदान मान्य करण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे ४.७ अब्ज पौंड, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश, परवडणाऱ्या घरांसाठी होते. हे मान्य झालेल्या अंशदानाचे मूल्य होय. ते सर्व त्याच वर्षी प्रत्यक्षात हाती येते असे नाही.

भार अखेर कोणावर पडतो?

विकासकावर बंधन घातले की तो इतर ग्राहकांकडून ती रक्कम वसूल करील, अशी शंका नेहमी घेतली जाते. ह्या शंकेचे निरसन एका काल्पनिक उदाहरणाने करता येईल.

समजा, एका प्रकल्पात १०० घरे बांधावयाची आहेत आणि प्रत्येकाचा बाजारभाव ३,००,००० पौंड आहे. एकूण विक्री ३ कोटी पौंड होईल. बांधकाम, अंतर्गत रस्ते, व्याज व शुल्क मिळून खर्च १ कोटी ८० लाख पौंड येतो आणि विकासक विक्रीच्या वीस टक्के, म्हणजे ६० लाख पौंड नफा अपेक्षितो, असे धरू. तेव्हा जमिनीसाठी त्याला अधिकात अधिक ६० लाख पौंड देता येतील. आता २० घरे बाजारभावापेक्षा तीस टक्के कमी किमतीत विकण्याची अट घातली. प्रत्येक घरामागे ९०,००० पौंड ह्या हिशेबाने विक्रीचे उत्पन्न १८ लाखांनी घटून २ कोटी ८२ लाख होईल. नफ्याचा वीस टक्के दर कायम राहिल्यास नफा ५६ लाख ४० हजार होईल आणि जमिनीसाठी ४५ लाख ६० हजार पौंड उरतील. म्हणजेच १८ लाखांपैकी १४ लाख ४० हजारांचा भार जमीनमालकावर आणि ३ लाख ६० हजारांचा विकासकावर पडला. शेतजमीन म्हणून त्या जमिनीची किंमत १ लाख पौंड असेल, तर एवढी घट होऊनही मालकाला ती विकण्यात भरपूर लाभ उरतो.

इतर ८० घरांची किंमत विकासकाला वाढविता का येत नाही? ह्याचे कारण असे की, कोणत्याही वर्षी विकल्या जाणाऱ्या घरांत नव्या घरांचा वाटा लहान असतो. किंमत मुख्यतः जुन्या घरांच्या खरेदीविक्रीवरून ठरते. शेजारच्या गल्लीत त्याच तोलाचे जुने घर ३,००,००० पौंडांस मिळत असताना नव्यासाठी ग्राहक वाटेल ती किंमत मोजणार नाही.

तथापि ह्या हिशेबाला दोन मर्यादा आहेत. पहिली वेळेची. अट आधीपासून ठाऊक असेल, तरच विकासक जमिनीला कमी भाव देतो. त्याने ६० लाख पौंड देऊन जमीन घेतल्यानंतर अट लादली, तर त्याचा नफा ४२ लाखांवर, म्हणजे विक्रीच्या पंधरा टक्क्यांच्याही किंचित खाली येतो आणि प्रकल्प रखडण्याचा संभव असतो. दुसरी मर्यादा प्रमाणाची. मागणी इतकी जड झाली की जमीनमालकास विकण्यात स्वारस्य उरले नाही, तर जमीन बाजारात येत नाही, घरे कमी बांधली जातात आणि त्याचा भार अखेर ग्राहकावरच पडतो. १९४७ च्या शंभर टक्के आकाराचा धडा हाच होता.

प्रथम खरेदीदारांसाठी पहिला प्रयत्न

भाड्याच्या घरांबरोबरच प्रथमच घर घेणाऱ्यांसाठी ह्या अंशदानाचा उपयोग करावा, असा आग्रह २०१४ नंतर वाढला. ‘स्टार्टर होम्स’ ह्या नावाने योजना पुढे आली. चाळीस वर्षांखालील प्रथम खरेदीदारांना बाजारभावापेक्षा किमान वीस टक्के कमी दराने नवे घर द्यावे, असे तिचे स्वरूप होते. गृहनिर्माण व नियोजन अधिनियम, २०१६ मध्ये तिची वैधानिक तरतूद करण्यात आली आणि पहिल्या ६०,००० घरांच्या साहाय्यार्थ २.३ अब्ज पौंडांची तरतूदही त्यापूर्वी २०१५ मध्ये जाहीर झाली होती.

परंतु अधिनियमाची अंमलबजावणी ज्या विनियमांवर अवलंबून होती, ते विनियम निघालेच नाहीत. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात ह्या व्याख्येनुसार एकही घर बांधले गेले नसल्याचे नमूद केले. नाव जाहीर झाले, कायदा झाला, निधीचीही घोषणा झाली. पण घर मात्र झाले नाही. सवलत किती काळ टिकावी, ती पुढील खरेदीदारास मिळावी की पहिल्याच मालकाच्या पदरात पडावी, ह्या मूलभूत प्रश्नांवरच मतभेद राहिले होते.

‘फर्स्ट होम्स’ योजनेचे स्वरूप

ह्या अनुभवानंतर २०२१ मध्ये ‘फर्स्ट होम्स’ ही योजना सुरू झाली. तिचे धोरणात्मक निवेदन २४ मे २०२१ रोजी करण्यात आले आणि २८ जूनपासून ते अमलात आले. डर्बीशायर परगण्यातील बोल्सोव्हर येथे त्याच जून महिन्यात ह्या योजनेतील पहिली घरे विक्रीस आली. तिच्या मुख्य अटी पुढीलप्रमाणे होत्या :

(१) घर बाजारभावापेक्षा किमान तीस टक्के कमी किमतीत विकले पाहिजे. स्थानिक गरज सिद्ध करता आल्यास प्राधिकरणाला ही सवलत चाळीस वा पन्नास टक्के ठरविता येते.

(२) सवलत वजा जाता पहिल्या विक्रीची किंमत २,५०,००० पौंडांपेक्षा आणि लंडनमध्ये ४,२०,००० पौंडांपेक्षा अधिक असता कामा नये.

(३) खरेदीदार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८०,००० पौंडांच्या आणि लंडनमध्ये ९०,००० पौंडांच्या मर्यादेत असले पाहिजे.

(४) सवलतीच्या किमतीपैकी किमान निम्मी रक्कम गृहकर्जाने उभारली पाहिजे. ज्याच्याजवळ रोख पैसा आहे त्याने स्वस्त घर गुंतवणूक म्हणून घेऊ नये, हा ह्या अटीचा उद्देश होय.

(५) सर्व खरेदीदार प्रथम खरेदीदार असले पाहिजेत. पती-पत्नींपैकी दोघे मिळून घर घेत असतील, तर दोघांनाही ही अट लागू होते.

शेवटच्या अटीतील एक बाब गोव्यातील वाचकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. प्रथम खरेदीदाराची व्याख्या करताना इंग्लंडचा कायदा जगात कोठेही पूर्वी घेतलेले घर विचारात घेतो. स्विंडनसारख्या शहरांत गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. तेथे भाड्याने राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाने मडगावला वा म्हापशाला पूर्वीच सदनिका विकत घेतली असेल, तर त्या व्याख्येनुसार ते प्रथम खरेदीदार ठरत नाही.

सवलतीमुळे प्रत्यक्ष फरक किती पडतो, हे मघाच्याच घरावरून पाहू. ३,००,००० पौंडांच्या घरासाठी पाच टक्के पदरची रक्कम १५,००० पौंड होते. २,१०,००० पौंडांच्या घरासाठी ती १०,५०० होते. उरलेले कर्ज पहिल्या बाबतीत २,८५,००० आणि दुसऱ्या बाबतीत १,९९,५०० पौंड. उत्पन्नाच्या साडेचार पट कर्ज मिळते असे धरल्यास पहिल्या घरासाठी वर्षाला सुमारे ६३,००० आणि दुसऱ्यासाठी सुमारे ४४,००० पौंड उत्पन्न लागते. ह्या दोन आकड्यांमधील उत्पन्न असलेली कुटुंबे, म्हणजे नोकरी करणारे शिक्षक, परिचारिका व कारागीर दांपत्य, ही ह्या योजनेची खरी लाभधारक होत.

सवलत कायम राखण्याची व्यवस्था

ह्या योजनेचा सर्वांत विचारपूर्वक आखलेला भाग म्हणजे सवलतीचे सातत्य. घराच्या मालकी हक्काच्या नोंदीवरच निर्बंध चढविण्यात येतो. मालकाने पुढे घर विकले, तर त्यालाही ते तितक्याच टक्के सवलतीने आणि पात्र प्रथम खरेदीदारासच विकावे लागते. उदाहरणार्थ, दहा वर्षांनी त्या घराचा बाजारभाव ४,००,००० पौंड झाला, तर विक्री २,८०,००० पौंडांना होईल. पहिल्या मालकाला ७०,००० पौंडांची वाढ मिळते आणि दुसऱ्या कुटुंबाला १,२०,००० पौंडांची सवलत मिळते. पहिल्या प्रकल्पातून घेतलेले अंशदान अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडते.

खरेदीदार न मिळाल्यास मालक अडकून पडू नये, ह्याचीही तजवीज आहे. स्थानिक रहिवासासारख्या प्राधिकरणाने घातलेल्या जादा अटी विक्रीस काढल्यापासून तीन महिन्यांनी गळून पडतात. सहा महिन्यांतही पात्र खरेदीदार मिळाला नाही, तर घर खुल्या बाजारात विकता येते. परंतु सवलतीइतकी रक्कम प्राधिकरणाकडे जमा करावी लागते. घर हातचे गेले, तरी अंशदानाचे मूल्य समाजाकडेच राहते.

कोणाच्या वाट्याची घरे?

येथवरचे विवेचन वाचून योजनेत उणे काय, असा प्रश्न पडेल. तिच्यावरील मुख्य आक्षेप तिच्या उद्देशाविषयी नव्हता. ती कोणाच्या जागेवर उभी राहिली, ह्याविषयी होता. विकासकाकडून मिळणारे अंशदान मर्यादित असते. धोरणानुसार ह्या अंशदानातून मिळणाऱ्या परवडणाऱ्या घरांपैकी किमान पंचवीस टक्के घरे ‘फर्स्ट होम्स’ असली पाहिजेत, असे बंधन घालण्यात आले. साहजिकच तितकी घरे इतर प्रकारांतून कमी झाली.

आपल्या काल्पनिक प्रकल्पात १८ लाख पौंडांच्या अंशदानातून २० कुटुंबांना तीस टक्के सवलतीची घरे मिळाली. त्याऐवजी अत्यल्प भाड्याची घरे हवी असतील आणि गृहनिर्माण संस्था अशा घरासाठी बाजारभावाच्या केवळ चाळीस टक्के रक्कम देऊ शकत असेल, तर प्रत्येक घरामागे १,८०,००० पौंडांची तूट येते आणि तेवढ्याच रकमेत १० घरे होतात. वीस मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना मालकीचे घर द्यावे, की दहा अशा कुटुंबांना भाड्याचे घर द्यावे, ज्यांना सवलतीच्या दरानेही घर घेणे कधीच शक्य होणार नाही? हिशेबाच्या वहीत दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. परंतु स्थानिक प्राधिकरणाच्या प्रतीक्षायादीवर वर्षानुवर्षे नाव असलेल्या आणि तात्पुरत्या निवासात मुलांसह दिवस कंठणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. ह्याच कारणास्तव अनेक प्राधिकरणांनी सरसकट पंचवीस टक्क्यांच्या बंधनाविषयी नापसंती दर्शविली. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नियोजन धोरणाची जी सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली, तीत हे बंधन काढून टाकण्यात आले. योजना रद्द झालेली नाही. स्थानिक गरज असल्यास प्राधिकरण अशी घरे मागू शकते. कोणती घरे किती, हा निर्णय मात्र पुन्हा स्थानिक पातळीवर आला.

अंमलबजावणीतील अडचणी

ह्या पद्धतीच्या दोन अडचणींचा उल्लेख आवश्यक आहे.

पहिली अडचण व्यवहार्यतेच्या दाखल्याची. जमिनीला चढा भाव देऊन ती घ्यावयाची आणि नंतर ‘आता परवडणारी घरे देणे शक्य नाही’ असे हिशेब पुढे करावयाचे, असा प्रघात काही काळ पडला होता. त्यामुळे अंशदानाचा लाभ जमीनमालकाच्या खिशात जाई. जुलै २०१८ मध्ये धोरणात सुधारणा करून व्यवहार्यतेचा विचार मुख्यतः विकास आराखडा तयार करतानाच करावा, जमिनीचे आधारमूल्य तिच्या विद्यमान वापरावरून ठरवावे व त्यावर मालकाला वाजवी जादा मोबदला धरावा आणि जमिनीसाठी प्रत्यक्ष मोजलेली किंमत ही अटी न पाळण्याची सबब मानू नये, असे स्पष्ट करण्यात आले. लंडनमध्ये २०१७ पासून वेगळा उपाय योजण्यात आला : जो विकासक पस्तीस टक्के परवडणारी घरे शासकीय अनुदानाविना देण्यास तयार असेल, त्याच्याकडून तपशीलवार हिशेब न मागता प्रकरण जलद निकालात काढावयाचे.

दुसरी अडचण बाजाराशी असलेल्या संबंधाची. विकासकाचे अंशदान खुल्या विक्रीवर उभे असते. मंदी आली, व्याजदर चढले, बांधकाम थंडावले की परवडणारी घरेही त्याच वेळी थांबतात. आणि गरज तर तेव्हाच अधिक असते. गृहनिर्माण संस्थांची आर्थिक स्थिती ताणली गेल्यामुळे विकासकांनी बांधावयाची भाड्याची घरे घेण्यास संस्था पुढे येईनात, अशीही परिस्थिती अलीकडे निर्माण झाली. विक्रेते व संस्था ह्यांची गाठ घालून देण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाला विशेष सेवा सुरू करावी लागली.

आपल्याकडील तरतुदी

भारतातही हा विचार नवा नाही. राष्ट्रीय नागरी गृहनिर्माण व आवास धोरण, २००७ मध्ये प्रत्येक नव्या गृहप्रकल्पात दहा ते पंधरा टक्के जमीन किंवा वीस ते पंचवीस टक्के चटई क्षेत्र, ह्यांपैकी जे अधिक असेल ते, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व अल्प उत्पन्न गटासाठी राखावे, अशी शिफारस करण्यात आली. महाराष्ट्रात २०१३ पासून दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांच्या क्षेत्रांत ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत वीस टक्के घरे ह्या गटांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. ही घरे म्हाडाच्या सोडतीतून पात्र अर्जदारांना मिळतात आणि त्यांची किंमत शासनाने ठरविलेल्या सूत्रानुसार आकारली जाते. मध्य प्रदेशात वसाहत विकसित करणाऱ्यावर दुर्बल घटकांसाठी भूखंड वा घरे राखण्याचे बंधन असून, त्याला पर्याय म्हणून ‘आश्रय शुल्क’ भरण्याची पद्धत इंदूरसारख्या शहरांत परिचित आहे. गोव्यात गोवा पायाभूत सुविधा कर अधिनियम, २००९ अन्वये बांधकामावर कर आकारला जातो. हा कर पायाभूत सुविधांसाठी आहे, परवडणाऱ्या घरांशी तो जोडलेला नाही.

ह्याउलट प्रधानमंत्री आवास योजनेतील (नागरी) व्याज अनुदान हे शासकीय तिजोरीतून येते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात पात्र कुटुंबाला कमाल १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत व्याज अनुदान मिळू शकते. हे अनुदान कर्जखात्यात जमा होते. त्यामुळे पहिल्या कुटुंबाचा भार हलका होतो, परंतु ते घर पुढे विकले गेल्यास दुसऱ्या कुटुंबाला त्याचा लाभ पोहोचत नाही. दोन्ही मार्गांतील भेद येथे स्पष्ट होतो. म्हणून एक मार्ग स्वीकारला की दुसऱ्याची गरज संपली, असे मानता येणार नाही.

निष्कर्ष

इंग्लंडच्या ह्या दीर्घ अनुभवातून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात.

पहिली, अंशदानाचे प्रमाण जमिनीचा सौदा होण्यापूर्वी, म्हणजे विकास आराखड्यातच जाहीर झाले पाहिजे आणि ते वारंवार बदलता कामा नये. तसे झाले तरच त्याचा भार जमिनीच्या वाढीव मूल्यावर पडतो. अन्यथा तो प्रकल्पावर पडून काम रखडते.

दुसरी, सवलत कागदावर न राहता मालकी हक्काच्या नोंदीत उतरली पाहिजे. ज्या घराची सवलत पहिल्याच पुनर्विक्रीत संपते, ते घर म्हणजे एका भाग्यवान कुटुंबाला दिलेले बक्षीस होय. सार्वजनिक ठेवा नव्हे.

तिसरी, घराऐवजी रक्कम स्वीकारली, तर ती कोठे जमा झाली आणि तिच्यातून कोणती घरे उभी राहिली, ह्याचा हिशेब लोकांसमोर आला पाहिजे. इंग्लंडमध्ये अंशदान घेणाऱ्या प्राधिकरणांना २०२० पासून असे वार्षिक विवरण प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे.

चौथी, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, एकाच अंशदानातून सर्वांच्या गरजा भागत नाहीत. प्रथम खरेदीदाराला दिलेले प्रत्येक घर हे भाडेकरूसाठी बांधता आले असते. आणि भाडेकरूसाठीचे प्रत्येक घर प्रथम खरेदीदाराला देता आले असते. त्या गावात वा शहरात कोणाची निकड अधिक आहे, ह्याची पाहणी करून मगच हे वाटप ठरविणे हे नियोजन यंत्रणेचे कर्तव्य ठरते. नागरिकांनीही आपल्या भागाच्या विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा रस्त्यांच्या रुंदीइतकाच हाही प्रश्न विचारावा : ह्या आराखड्यात किती घरे कोणासाठी राखली आहेत आणि ती किती वर्षे त्यांच्यासाठी राहणार आहेत?